हाताला गुण, तोंडाला कुलूप : लातुरातल्या मुतखड्याच्या हॉस्पिटलबद्दल

आधी निकाल सांगते, मग भांडण. लातुरातल्या ज्या हॉस्पिटलात माझा मुतखडा काढला, तिथल्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. खडा गेला, किडनीची सूज उतरली, मी पुन्हा ड्युटीवर आहे. पण त्याच हॉस्पिटलात पेशंटला काही समजावून सांगायची वेळ आली की एका सिस्टरचा अपवाद सोडला तर सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण पुढे बिलाबद्दल बोलायचंय आणि मला तिथे परत जायचंय.

मी एसटीत कंडक्टर आहे. आमच्या डेपोत मुतखडा झालेली माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. ड्रायव्हर दिवसभर इंजिनाच्या धगीत, कंडक्टर गर्दीत. मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून तर गाडीत पाय ठेवायला जागा नसते (योजना चांगली आहे, माझी आईसुद्धा त्यावर लेकींकडे फिरते, पण मशीन घेऊन त्या गर्दीतून पुढे सरकायचं मलाच असतं). उन्हाळ्यात अंगातलं पाणी घामावाटे निघून जातं. स्टँडवरच्या बायकांच्या बाथरूमची अवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना, आम्ही बाया पाणी मोजून का पितो, हे वेगळं सांगायला नको. मग लघवी घट्ट होते, तिच्यातले कॅल्शियम आणि ऑक्झलेट एकमेकांना धरतात, त्यांचे कण जमतात, कणावर कण बसतो. मुतखडा म्हणजे मुळात एवढंच.

माझं सुरू झालं ते दुखण्यापासून नाही. सारखी लघवीला लागायची, जावं तर थेंबभर व्हायची आणि आग. सासूबाई म्हणाल्या, उन्हाळी लागली, धन्याचं पाणी पी. गल्लीतल्या डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून गोळ्या दिल्या. पुढे कळलं की खडा मूत्रनलिकेतून घसरत अगदी लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी आला की नेमकं असंच होतं. पिशवीला वाटतं आपण भरलोय. मग एका पहाटे डाव्या कुशीतून जी कळ निघाली ती थेट जांघेपर्यंत. बसवेना, झोपवेना, उभं राहवेना. घामाने गाऊन भिजला, उलटी झाली. खड्याच्या कळेची हीच खूण, माणूस एका जागी ठरत नाही. दुखतं ते खडा टोचतो म्हणून नाही. मागे तुंबलेली लघवी किडनी फुगवते आणि नळी त्याला पुढे ढकलायला जोर करते, म्हणून. कॅज्युअल्टीत डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं आणि जरा वेळाने मी माणसात आले. या भागाबद्दल हॉस्पिटलला पूर्ण मार्क. रात्रीची वेळ असून कुणी "आधी पैसे भरा" म्हणालं नाही.

सोनोग्राफीचा अनुभव मात्र कुणाला येऊ नये. पिशवी भरलेली लागते म्हणून चार ग्लास पाणी प्यायला लावतात आणि मग बाकावर बसवून ठेवतात. आत एक, दारात तीन, बाकावर आम्ही सगळ्याजणी पाय आवळून. मध्येच एक गर्भारीण आली, तिला आधी सोडलं, ते बरोबरच होतं. पण त्यानंतर कुणा साहेबांच्या ओळखीचा एक जण आला, त्यालाही आधी सोडलं. तिथे माझा आवाज चढला. एसटीत रांग मोडणाऱ्याला उतरवायची सवय आहे, ती दवाखान्यातही जात नाही.

रिपोर्टात आलं, डाव्या किडनीला सूज, खडा दिसत नाही. आमचे हे म्हणाले, मग खडा नाहीच. तसं नसतं. किडनीतला खडा सोनोग्राफीत बरा दिसतो, नळीत मध्येच अडकलेला आतड्यातल्या गॅसमागे लपतो. म्हणून साधा सीटी केला. त्याला शिरेतून औषध द्यावं लागत नाही, काही मिनिटांत होतो. त्यात खडा सापडला, डावी मूत्रनलिका, खालचं टोक, ८ मिलिमीटर. खाली अजून एक आकडा होता, घनता ११०० एचयू (खडा किती घट्ट आहे याचं सीटीतलं माप). डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली, "खालीच आहे, बघू," म्हणाले, गोळ्या लिहिल्या, पुढचा पेशंट बोलावला. माझ्या हातात रिपोर्ट, डोक्यात शंभर प्रश्न आणि मी दाराबाहेर.

तिथे ड्रेसिंग रूममधल्या सिस्टर भेटल्या. साधारण माझ्याच वयाच्या, निलंग्याकडच्या. त्यांनी मला बाकावर बसवलं, एका जुन्या केस पेपरच्या पाठीमागे पेनाने वर एक शेंगदाण्यासारखी किडनी काढली, खाली एक पिशवी आणि मध्ये लांब वाकडी रेघ. "ताई, ही नळी वीतभराहून थोडी जास्त, पंचवीस सेंटीमीटरच्या आसपास. आत जागा तीन-चार मिलिमीटर." मग रेघेवर तीन ठिकाणी फुल्या मारल्या. पहिली, किडनीतून नळी सुरू होते तिथे. दुसरी, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीवरून नळी ओलांडते तिथे. तिसरी, पिशवीत शिरते तिथे. खडा अडकतो तो बहुतेक या तीन जागी. आणि त्यातली शेवटची जागा सगळ्यात अरुंद. रूटवर शेवटच्या स्टॉपला गाडी वळवायला जागा नसावी, तसा माझा खडा तिथे उभा होता. तो कागद मी अजून ठेवलाय. सगळ्या हॉस्पिटलात मला मिळालेलं हे सगळ्यात कामाचं कागदपत्र, आणि त्याचे पैसे लागले नाहीत.

त्यांनीच सांगितलं की ५ मिलिमीटरच्या आतले खडे बहुतेक आपले आपण पडतात, ५ ते १० मधल्यांचं निम्मं-निम्मं, आणि १० च्या वरच्याची वाट बघण्यात अर्थ नसतो. आणि एक गोष्ट तीनदा बजावली. थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी बंदच झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. अडकलेल्या खड्यामागे पू झाला तर किडनीच काय, जिवावर बेततं. तेव्हा खडा फोडत नाहीत, आधी नळी टाकून तुंबलेलं मोकळं करतात. हे वाक्य हॉस्पिटलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात असायला हवं. भिंतीवर काय आहे? "चिरफाड नाही, टाका नाही" आणि हसणाऱ्या एका बाईचा फोटो.

गोळ्यांची गंमत ऐका. चिठ्ठीवर टॅमसुलोसिन होतं, ०.४ मिलिग्रॅम. मेडिकलवाल्या पोराने चिठ्ठी बघितली, माझ्याकडे बघितलं, माझ्यामागे उभ्या असलेल्या यांच्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "काकू, ही गोळी काकांची ना?" प्रोस्टेटची गोळी असते ती. नळीच्या खालच्या भागाचे स्नायू सैल करते, म्हणून खड्यालाही देतात, बाईलाही देतात. हे डॉक्टरांच्या केबिनमध्ये अर्ध्या मिनिटात सांगता आलं असतं. त्याऐवजी आमचे हे भर दुकानात लाजले आणि मी गोळ्या परत घेऊन हॉस्पिटलात विचारायला गेले. त्या गोळीने उठताना चक्कर येऊ शकते, हेही माझ्या मुलीने सांगितलं, ती बी.फार्म करते. चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं देणाऱ्या बाईला हे आधी सांगायला नको? रात्री झोपताना घ्यायला लागले, त्रास झाला नाही.

वाट बघायचे दिवस. लघवी गाळणीतून करायची, खडा पडला तर सापडावा म्हणून. चहाची नवी गाळणी आणली, सासूबाईंनी तिच्या दांड्याला लाल दोरा बांधला, चुकूनही स्वयंपाकघरात यायला नको म्हणून. घरात वैद्यांची कमी नव्हती. सासूबाईंचं हुलग्याचं माडगं, शेजारणीची पानफुटीची पानं, चुलत दिराने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या "पंधरा दिवसांत खडा विरघळवा" गोळ्या, आणि डेपोतल्या एका ड्रायव्हरमामांचा सल्ला, "मॅडम, दोन बिअर, खडा सुटून पडतो." माडगं मी प्यायले, मला ते आवडतं, गरम गरम तर फारच. पण माझ्यासारखा कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा कुठल्याच काढ्याने किंवा गोळीने विरघळत नाही, हे पक्कं समजा. विरघळतो तो युरिक ॲसिडचा, लघवीची आम्लता कमी करणाऱ्या पोटॅशियम सायट्रेटसारख्या औषधाने. म्हणून तर खडा कशाचा आहे हे कळायला हवं. शेजारच्या कुणाचा काढ्याने "पडला" असेल तर तो चार मिलिमीटरचा होता आणि तसाही पडणार होता. बिअरने लघवी वाढते आणि मागाहून अंग कोरडं पडतं. मामांना तेवढं निमित्त हवं असतं.

सांगितलेली मुदत संपली, खडा जागचा हलला नाही, दुसऱ्या सोनोग्राफीत सूज वाढलेली. तेव्हा ऑपरेशन ठरलं. महिनाभराच्या वर अशी तुंबलेली किडनी ठेवायची नसते, दुखणं थांबलं तरीसुद्धा. दुखायचं थांबलं म्हणजे खडा पडला असं समजून लोक घरी बसतात आणि आतल्या आत किडनी निकामी होते. माझ्या बाजूच्या कॉटवर औशाच्या एक काकू होत्या. त्यांच्या किडनीत सांबराच्या शिंगांसारखा फांद्या फुटलेला खडा, सारख्या इन्फेक्शनमधून तयार झालेला, आणि त्यांना जन्मात कधी कळ आलेली नव्हती. आकाराचा आणि दुखण्याचा काही संबंध नाही. ८ मिलिमीटरने मी लोळले, त्या एवढा मोठा बाळगून शेतात खुरपत होत्या. त्यांचं ऑपरेशन पाठीतून एक सेंटीमीटरभर भोक पाडून झालं, पीसीएनएल म्हणतात. दोन सेंटीमीटरच्या वरच्या किडनीतल्या खड्याला तेच करतात.

मला काय करणार, हे विचारलं तेव्हा उत्तर आलं, "लेझर." काउंटरवर विचारलं, "लेझर." काही वेळ मला वाटलं बाहेरून लाइट मारतात. मुलीने समजावलं. बाहेरून धक्क्याच्या लहरी मारून खडा फोडायची पद्धत वेगळी. ती ७ फेब्रुवारी १९८० ला म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसावर वापरली, आणि मशीन बनवलं ते डॉर्निअर या विमानं बनवणाऱ्या कंपनीने. विमानाच्या पत्र्यावर असे धक्के काय करतात याचा अभ्यास करता करता त्यांना हे सुचलं. मला हे ऐकून फार भारी वाटलं. पण ११०० घनतेचा टणक खडा त्या लहरींना सहज दाद देत नाही, आणि जागाही कमरेच्या हाडांमागची. त्यामुळे माझ्यासाठी युआरएस. लघवीच्याच वाटेने बारीक दुर्बीण वर नेतात आणि टोकाशी लेझरने खडा फोडतात. खडा किडनीत असेल आणि फार मोठा नसेल तर वाकणारी दुर्बीण नेतात, ते आरआयआरएस. त्याचा खर्च जास्त. कुठल्या खड्याला काय आणि का, एवढं एका कागदावर मराठीत छापून द्यायला काय जातं?

ऑपरेशन थिएटरबद्दल मात्र तक्रार शून्य. पाठीत सुई दिली, कमरेखालचं अंग माझं नसल्यासारखं झालं. भूल देणाऱ्या मॅडम डोक्याशी उभ्या राहून बोलत होत्या, मुलगी काय शिकते, कुठल्या रूटला असता. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि आख्ख्या उपचारात पहिल्यांदाच आपण होऊन बोलले, "बघा ताई, हा तुमचा खडा." ओल्या गुलाबी बोगद्याच्या टोकाशी एक तपकिरी, खडबडीत गोळा रुतून बसलेला. त्यावर प्रकाशाचा एक ठिपका पडला, टक टक टक असा आवाज यायला लागला आणि गोळ्याच्या कडेपासून पूड उडायला लागली. पाणी सोडत होते, त्यात ती पूड गढूळ होऊन वाहून जायची, पुन्हा स्वच्छ दिसायचं, पुन्हा टक टक. मध्येच दोन तुकडे झाले. मोठे तुकडे एका बारीकशा तारेच्या टोपलीत धरून ओढून काढले. डॉक्टरांचा हात एकदाही घाईत हलला नाही. मी इतक्या ड्रायव्हरांच्या शेजारी बसलेय, कुणाचा हात कसा आहे ते मला कळतं.

आता स्टेंट. ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांनी हा भाग नीट वाचा, कारण तुम्हालाही कुणी सांगणार नाही. खडा काढल्यावर नळीला आतून सूज येते आणि ती पुन्हा बंद पडू शकते, म्हणून किडनीपासून पिशवीपर्यंत प्लॅस्टिकची एक मऊ बारीक नळी ठेवून देतात. दोन्ही टोकं गोल वळलेली, घसरू नये म्हणून. तिला डीजे स्टेंट म्हणतात. बाहेरून काही दिसत नाही. पण लघवी करताना कुशीत वरपर्यंत कळ जाते, कारण त्या नळीतून लघवी उलटी वर चढते. सारखी घाई लागते. चाललं-फिरलं की लघवी लालसर होते. घरी आल्यावर पहिल्यांदा लाल दिसलं तेव्हा मी आणि सासूबाई दोघी घाबरलो. हॉस्पिटलच्या नंबरवर फोन लावला तर पलीकडून, "नॉर्मल आहे मॅडम, पाणी प्या." नॉर्मल आहे तर सोडतानाच सांगा ना. त्या घाईवर आणि दुखण्यावर गोळ्या असतात, त्या मागितल्यावर लिहून दिल्या.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हा स्टेंट काढावा लागतो. माझ्या डिस्चार्ज कार्डावर शेवटच्या ओळीत, इंग्रजीत, कोंबडीच्या पायाच्या अक्षरात ते लिहिलं होतं. मुलगी फार्मसीची नसती तर मी ते वाचलंही नसतं. आमच्या डेपोतल्या एका मेकॅनिकच्या भावाचा स्टेंट वर्षभराहून जास्त आत राहिला. त्याला वाटलं ऑपरेशन झालं म्हणजे झालं. त्या प्लॅस्टिकवरच खडे चढले आणि पहिल्यापेक्षा मोठं ऑपरेशन करावं लागलं. सिस्टरांनी सोडताना स्टेंट काढायच्या तारखेचा गजर माझ्या मोबाइलमध्ये लावून दिला. म्हणून मी म्हणते, सिस्टरांच्या पगारात डॉक्टरांच्या फीमधला वाटा टाका. काढताना भूल नाही, सुन्न करणारी जेली लावतात, दुर्बीण घालतात, चिमटा, ओढ, झालं. बायकांची वाट आखूड असल्यामुळे फार त्रास होत नाही. पुरुषांचे चेहरे बाहेर येताना बघितले, त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही.

बिल. आधी तोंडी सांगितलं ३८ हजार. हातात आलं ५१ हजार. फरक कुठे? लेझरचं फायबर वेगळं, स्टेंट वेगळा, भूल वेगळी, आणि स्टेंट काढायचे पैसे अजून पुढे, ते तर त्या ५१ मध्येही नव्हते. मी दिवसभर लोकांना पाच रुपयांचे सुट्टे परत देते आणि वेबिलात रुपयाचा फरक आला तर रात्री डेपोत हिशोब जुळेपर्यंत थांबते, मला १३ हजारांचा फरक "होतं मॅडम असं" म्हणून पचत नाही. काउंटरवर बसून ओळ न् ओळ विचारली. दोन नोंदी दुबार निघाल्या, त्या वजा केल्या, माफी मागितली नाही. तुम्ही जाल तेव्हा भरती व्हायच्या आधी लेखी अंदाज मागा आणि त्यात हे चार शब्द आहेत का बघा, लेझर, स्टेंट, भूल, स्टेंट काढणं. विमा असेल तर पॉलिसीत मुतखड्याला प्रतीक्षा कालावधी किती तो आधी वाचा, बऱ्याच पॉलिसींत तो दोन वर्षांचा असतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसत असाल तर यादीतलं हॉस्पिटल निवडा आणि आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, आधी भेटा. या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल नाही.

खड्याचे तुकडे मला एका बारक्या बाटलीत घालून दिले, देवळातून अंगारा द्यावा तसे. घरी नेऊन शोकेसमध्ये ठेवायचे का? मी विचारलं, तपासणीला पाठवत नाही का. "गरज नाही, सगळ्यांचे कॅल्शियमचेच असतात." बहुतेकांचे असतात हे खरं, दहातले सात-आठ. पण उरलेल्यांचं काय? युरिक ॲसिडवाल्याला वेगळं औषध, इन्फेक्शनच्या खड्याला वेगळं, सिस्टीनच्या तर वेगळंच, तो आनुवंशिक असतो. मी हट्टाने पाठवायला लावले. रिपोर्ट आला, कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट. टणक जात. म्हणजे डॉक्टरांचा अंदाज बरोबर होता, पण तिकीट न बघता "सगळ्यांकडे असतंच" म्हणणारा कंडक्टर किती दिवस टिकेल? रक्तातलं कॅल्शियम आणि युरिक ॲसिडही मी सांगितल्यावरच तपासलं, दोन्ही ठीक.

आणि मग तो पथ्याचा कागद. झेरॉक्सची झेरॉक्स, अर्धी अक्षरं उडालेली. बंद : टोमॅटो, वांगी, पेरू, पालक, दूध, दही, पनीर, भात, सगळ्या बिया. मराठवाड्याच्या माणसाने मग खायचं काय? सासूबाईंनी त्याच दिवशी माझं दूध तोडलं. मुलगी म्हणाली, उलटं आहे. २००२ साली इटलीतल्या बोर्गी नावाच्या डॉक्टरांनी वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांचे दोन गट केले. एका गटाचं कॅल्शियम कमी केलं, दुसऱ्याला नेहमीचं कॅल्शियम ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केला. पाच वर्षांत कॅल्शियम तोडलेल्यांतल्या २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटातल्या १२ जणांना. कारण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. ते तोडलं की ऑक्झलेट मोकळं सुटतं आणि किडनीकडे येतं. मी पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "हो, दूध-दही घ्या. तो कागद जुना आहे." जुना आहे तर छापता कशाला?

मग त्यांनी जे तोंडी सांगितलं ते चांगलं होतं, म्हणून इथे देते. पालक, चुका, अळू, बीट, राजगिरा, बदाम-काजू यांत ऑक्झलेट जास्त, रोज नको, आणि खाल्लं तर दह्याबरोबर. शेंगदाण्याची चटणी आमच्या भागात भाकरीइतकीच नेमाची, ती पुरती सोडू नका, चमचाभर घ्या. टोमॅटोला उगाच बदनाम केलंय, बियांचे खडे होत नाहीत. खरा शत्रू मीठ. मीठ वाढलं की लघवीत कॅल्शियम वाढतं, आणि स्टँडवरच्या वडापाव, फरसाण, लोणच्यात मिठाशिवाय काय असतं? लिंबू घ्या, त्यातलं सायट्रेट खडा जमू देत नाही, पण सरबतात मीठ घालू नका. बोअरच्या क्षारांमुळे खडे होतात म्हणून आमच्याकडे दारोदार फिल्टर विकतात. डॉक्टरांचं म्हणणं, पाणी कसं आहे यापेक्षा किती पिता हे जास्त महत्त्वाचं. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी, म्हणजे आमच्या उन्हाळ्यात तीन लिटरच्या वरच प्यावं लागतं. २०१६ च्या एप्रिलात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तिथल्या माणसाला हे ऐकवायला डॉक्टरांचीच छाती लागते. मोजत बसायला नको, रंग बघायचा, फिकट पिवळी ठीक, चहासारखी नको. एकदा खडा झालेल्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना दहा वर्षांत पुन्हा होतो, हेही तेव्हाच कळलं. मी आता डेपोत अर्ज दिलाय की ड्युटी लावताना महिला कंडक्टरांना निदान मधल्या स्टँडवर दहा मिनिटं मिळावीत. त्याचं उत्तर यायचंय.

स्टार द्यायचेच तर ऑपरेशनला पाच. रात्रीच्या कॅज्युअल्टीला पाच. सिस्टरांना जेवढे असतील तेवढे. सोनोग्राफीच्या रांगेला एक, पथ्याच्या कागदाला शून्य, बिलाला दीड, तो अर्धा दुबार नोंदी निमूट वजा केल्याबद्दल. जाणार असाल तर जुने रिपोर्ट, सीटीची फिल्म आणि खडा पडला असेल तर तोही घेऊन जा. सोमवारी जाऊ नका, अख्खा जिल्हा त्याच दिवशी येतो. पार्किंग नाही, गाडी पुढच्या चौकात लावावी लागते. पुन्हा खडा झाला तर मी याच डॉक्टरांकडे जाईन. काउंटरवर मात्र मुलीला पुढे उभं करीन.